भट्टी, निखारे आणि घरचा खाऊ



ज्युबिलीच्या स्मरणिकेत खाऊवर लेख कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु भाजलेल्या पिठाच्या एका तुकड्यावरून या महाराष्ट्रात एके काळी थोरथोरांवर प्रायश्चित्ताची पाळी आली होती, हे ध्यानी घेतले म्हणजे विषय तितकासा क्षुल्लक वाटणार नाही.

भट्टी फिरंग्यांनी आणली आणि त्यापूर्वी आपल्याकडे केवळ तवा होता, असा एक समज आहे. तो अर्धाच खरा होय. चंपाषष्ठीला खंडोबाला वांग्याच्या भरिताबरोबर दाखवितात तो रोडगा, किंवा पानांत गुंडाळून गोवऱ्यांच्या आरात पुरलेले पानगे, हे भाजणे नव्हे तर काय? खाली निखारे, झाकणावर निखारे आणि मध्ये भांडे, ही युक्ती तर कोकणापासून वऱ्हाडापर्यंतच्या गृहिणींना ठाऊक होती. आमच्या जाफराबाद तालुक्यात गोवऱ्यांना तोटा नाही आणि ज्वारीबाजरीलाही नाही. मग भट्टी नाही म्हणून अडावे कशाला?

पोर्तुगीजांनी आणले ते खमीर. 1510 साली गोवे व 1534 साली वसई त्यांच्या हाती आली. पाव हा शब्दच त्यांच्या भाषेतला. युरोपातील खमीर येथे मिळेना, तेव्हा माडाच्या ताडीने पीठ फुगविण्याची तोड निघाली. गोव्यातील ‘बोल’ हा नारळगुळाचा भाजलेला खाऊ त्याच संसर्गाचे फळ होय. परंतु ताडीमुळे व परक्या हातामुळे पाव खाणे म्हणजे बाटणे, अशी समजूत दृढ झाली, आणि तिची झळ आपल्या पूर्वजांना शतकानुशतके लागली.

या समजुतीचा कडेलोट 1890 साली पुण्यात झाला. पंचहौद मिशनमध्ये (हे मिशन आपल्या कॅथलिक पंथाचे नव्हे, अँग्लिकनांचे) शहरातील प्रतिष्ठित मंडळी निमंत्रणावरून जमली असता त्यांच्यापुढे चहा व बिस्किटे ठेवण्यात आली. न्यायमूर्ती रानडे व लोकमान्य टिळक त्यांत होते. कोणी घेतले, कोणी नुसता हात लावला. पुढे नावे वृत्तपत्रात छापली गेली, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत पोहोचले आणि रानडे व टिळक या दोघांनाही प्रायश्चित्त घ्यावे लागले. बिस्किट या शब्दाचा मूळ लॅटिन अर्थ ‘दोनदा भाजलेले’ एवढाच. त्यात धर्म बुडण्यासारखे काय होते, हे आज मुलांना सांगूनही पटत नाही.

नानकटाईने मात्र यातून वाट काढली. तीत ताडी नाही, पाणीही नाही. दिवाळीत घरचे पीठ, घरचे तूप व साखर घेऊन शहरातील बायका भट्टीवर जात आणि समोर भाजून डबे भरून आणीत. विस्तव दुसऱ्याचा, जिन्नस आपला! आमच्या मते या चालीत मोठे शहाणपण होते. कारण काय घातले व किती घातले, हे करणारीला ठाऊक असे.

साखर महाग होती तोवर गोडीही आपोआप बेताची राहिली. 1950 साली प्रवरेकाठी विठ्ठलराव विखे पाटलांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि ऊस महाराष्ट्राचे राज्य करू लागला. शेतकऱ्याचे त्यात कल्याण झाले, हे नाकारता येत नाही; पण मुलांच्या हाती पुड्यातला मैदा व साखर आली, हेही खरे. मराठवाड्यातील वृद्धांना 1972 चा दुष्काळ आठवत असेल. त्या वेळी अमेरिकेची तांबडी मिलो ज्वारी खावी लागली, आणि खडी फोडणाऱ्या मजुरांना सुकडी मिळत असे. पीठ व गूळ यांचा तो साधा खाऊ, पण त्याने किती जीव जगविले!

जागतिक आरोग्य संघटनेने 2015 साली सांगितले की, वरून घातलेल्या साखरेचा वाटा रोजच्या आहारातील उष्मांकाच्या दहाव्या हिश्शाहून कमी असावा. विसाव्या हिश्शाहून कमी असल्यास अधिक उत्तम. गूळ हीही साखरच, हे गुळाच्या अभिमान्यांनी विसरू नये.

सबब महोत्सवाचा खाऊ घरीच करावयाचा असेल त्या भगिनींसाठी प्रमाण देतो. ज्वारीचे पीठ दोन वाट्या, गव्हाचे एक (नुसत्या ज्वारीला चिकटपणा नसल्याने ती फार भुगते), किसलेला गूळ पाऊण वाटी, तूप तेवढेच, चिमूटभर खाण्याचा सोडा व वेलदोड्याची पूड. तूप व गूळ आधी चांगले फेसावे, मग पीठ मिसळून चपटे गोळे करावे. जाड पातेल्यात मिठाचा किंवा वाळूचा थर तापवून, त्यावर तिवई ठेवून, ताटली झाकून मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटे भाजावे. कडा तांबूस होताच उतरावे. गरम असता ती मऊ लागते म्हणून कच्ची समजू नये. निवाल्यावरच कुरकुरीत होते, आणि पूर्ण निवाल्याखेरीज डबा बंद करू नये.