एका नळावरची बिऱ्हाडं

मंडळी, परवा शनिवारी दिवा-रोहा गाडीने घरी जात होतो. पेण सुटलं आणि एक जुनी फजिती आठवली. आजचं पुराण त्यावरच.

२००६ ची गोष्ट. रोह्यातल्या एका डॉक्टरकाकांच्या दवाखान्याच्या नोंदी मी संगणकावर चढवल्या होत्या. भाड्याचा फ्रीबीएसडी सर्व्हर, त्यावर एक 'जेल', आत डेटाबेस. त्याला बजावलेलं, फक्त १२७.०.०.१ वर ऐकायचं. म्हणजे बाहेरच्यांना दार बंद. निदान माझी समजूत तशी! एका रविवारी पेणला भावाच्या घरून सहज जोडून बघितलं, तर डेटाबेसने चक्क पासवर्ड विचारला. पेशंटांची नावं, आजार, सगळं त्या एका पासवर्डामागे. घामच फुटला.

चूक माझीच, मॅन्युअल नीट वाचलं नव्हतं. जेलला स्वतःचा लूपबॅक नव्हताच. १२७.०.०.१ मागितला की कर्नल मुकाट्याने जेलचा आयपी पत्ता हातात ठेवायचा, आणि माझा तो पत्ता सार्वजनिक होता.

असं का? १९७९ च्या सातव्या युनिक्समध्ये क्रूट आला. त्याने फक्त फायलींपुरती भिंत घातली. पॉल-हेनिंग कँपचा जेल मार्च २००० मध्ये फ्रीबीएसडी ४.० बरोबर आला. आता प्रोसेस वेगळ्या, रूटसुद्धा आपापल्या खोलीपुरता. पण नेटवर्क? जुन्या वाड्यातली बिऱ्हाडं आठवा. खोल्या वेगळ्या, कुलपं वेगळी, पण अंगणात नळ एकच! राउटिंग टेबल एक, फायरवॉल एक, लूपबॅकही एकच.

झाग्रेब विद्यापीठातल्या मार्को झेकने हे मुळापासून उपटायचं ठरवलं. २००३ च्या युझनिक्स परिषदेत त्याने फ्रीबीएसडीच्या नेटवर्क स्टॅकच्या प्रती काढण्याचा प्रबंध मांडला. कल्पना साधीच: स्टॅकची कर्नलभर विखुरलेली ग्लोबल व्हेरिएबल्स एका गाठोड्यात बांधायची आणि प्रत्येक बिऱ्हाडाला वेगळं गाठोडं द्यायचं. करायला मात्र महाकटकट. नोव्हेंबर २००९ च्या ८.० मध्ये ते 'व्हीइमेज' म्हणून आलं, तेही प्रायोगिक. कर्नल स्वतः कंपाइल करा. जेल बंद केला की मेमरी गळायची. २०१६ मध्ये बियर्न झीबने ती आवराआवर बरीचशी मार्गी लावली आणि डिसेंबर २०१८ च्या १२.० पासून सोय नेहमीच्या कर्नलमध्येच आली. तोवर लिनक्सवाले पुढे निघून गेले होते. २००८ च्या २.६.२४ पासून त्यांच्याकडे नेटवर्क नेमस्पेस येऊ लागल्या, आणि २०१३ मध्ये आलेला डॉकर त्यांच्याच जिवावर. (ऑफिसात आपण कंटेनर कंटेनर करतो, ते हेच बरं का!)

वेगळे स्टॅक जोडायचे कसे? त्यासाठी 'ईपेअर': आभासी वायर, एक टोक जेलमध्ये, दुसरं यजमानाकडे. रोह्यासारखंच म्हणा ना. १९८६ पर्यंत मध्य रेल्वेचे रूळ रोह्याला पोचले. १९९३ मध्ये रोहा-वीर सुरू झालं ते कोकण रेल्वेचं. गाडी तीच, पण पुढचा कारभार दुसऱ्याचा.

असो. त्या रात्रीच डेटाबेसचं टीसीपी बंद केलं, युनिक्स सॉकेटवर काम भागवलं. मग पहाटेपर्यंत लॉग चाळले. बाहेरचा एकच पत्ता सापडला, तो भावाच्या घरचा. सकाळी काकांना सगळं सांगितलं. काका बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "लेखी दे."

दिलं.