साखरपुड्यात अंगठी आली कुठून?

कारखान्यांचा पट्टा पडला, ऊसतोडीच्या टोळ्या गावाकडं परतल्या, की आपल्या बीड जिल्ह्यात सोयरिकी जुळायला लागतात. आणि हल्ली सोयरीक म्हटलं की अंगठीचा प्रश्न आधी येतो. कसली घ्यायची, किती ग्रॅमची, दोघांची सारखी का वेगळी? पण ही अंगठी साखरपुड्यात आली कुठून, हे कुणी विचारत नाही. आज तेच सांगते.

आपल्या जुन्या रीतीत साखरपुडा म्हणजे खरोखर साखरेचा पुडा. मुलाकडची माणसं यायची, मुलीला कुंकू लावायची, लुगडं-चोळी देऊन ओटी भरायची, साखर द्यायची. सुपारी फुटली की शब्द पक्का. याला वाङ्निश्चय म्हणतात, म्हणजे बोलून केलेला निश्चय. जमलेले सोयरेधायरे हीच साक्ष. लग्न झालेलीच्या खुणा गळ्यात मंगळसूत्र, हातात चुडा आणि पायाच्या बोटात जोडवी. हाताच्या बोटातलं वळं हौसेचं होतं, सोयरिकीचं नव्हतं.

अंगठी आपल्याला परकी नाही, पण तिचं काम वेगळं होतं. मुदी हा शब्द मुद्रेवरून आला, आणि मुद्रा म्हणजे शिक्का. मारुतीरायानं अशोकवनात सीतामाईला दाखवली ती रामाची अंगठी ओळख पटवायला. शकुंतलेची गोष्ट तर नीट ऐका. महाभारतात अंगठीच नाही. तिथली शकुंतला भर दरबारात उभी राहून राजाला स्वतःच्या तोंडानं जाब विचारते. पुढं कालिदासानं नाटक लिहिलं, त्यात अंगठी आणली. ती पाण्यात पडली आणि राजा तिला ओळखेना. मला स्वतःला महाभारतातली शकुंतलाच जास्त आवडते.

वाग्दानाला अंगठी देण्याची चाल युरोपातली. जुन्या रोममध्ये साधी लोखंडी कडी द्यायचे. १४७७ साली ऑस्ट्रियाच्या राजपुत्रानं, मॅक्सिमिलियननं, बर्गंडीच्या मेरीला हिऱ्याची अंगठी दिली, ती गोष्ट आजही सांगितली जाते. उंच आकड्यांवर एकच हिरा उचलून धरणारी अंगठी, जिला दुकानात सॉलिटेअर म्हणतात, तिचा आजचा घाट न्यूयॉर्कच्या टिफनी कंपनीनं १८८६ मध्ये आणला. आणि हिरा म्हणजे कायमचं प्रेम, ही समजूत पसरवली डी बीअर्स या हिऱ्याच्या कंपनीच्या १९४७ च्या जाहिरातीनं. आज आपल्याला जी रीत वाटते, तिच्यातला बराच भाग जाहिरातीचा आहे.

आपल्याकडं मात्र अंगठी आधी पोरीच्या बोटात आली नाही. ती आली जावयाच्या बोटात. घड्याळ, सायकल आणि अंगठी. पोरीच्या बापानं देण्याच्या यादीत हे ठरलेलं. १९६१ चा हुंडाबंदी कायदा आला, तरी 'हुंडा नको, फक्त पोराला अंगठी घाला' हे चालूच राहिलं. मागून, अट घालून घेतलेली अंगठी कायद्यानं हुंडाच आहे, मग तिला हौस म्हणा नाहीतर मानपान. एकमेकांना अंगठी घालायची पद्धत नंतर फोटो, सिनेमा आणि व्हिडिओबरोबर गावोगावी पोचली. तिच्यात एक गोष्ट मला चांगली वाटते. जोडवी, मंगळसूत्र फक्त बाईनं घालायचं. ही खूण दोघं घालतात.

सोन्याचाही मधे एक काळ असा होता. १९६३ च्या जानेवारीत सरकारनं सुवर्ण नियंत्रण आणलं. चौदा कॅरेटपेक्षा शुद्ध सोन्याचे नवे दागिने घडवायला बंदी झाली, आणि देशभरात सोनारांच्या भट्ट्या थंड पडल्या. ती अट काही वर्षांत उठली, पण १९६८ चा सुवर्ण नियंत्रण कायदा १९९० पर्यंत टिकला.

आता निवडीचं बोलू. अंगठी घालणारी काय काम करते, ते आधी बघा. कापूस वेचणाऱ्या बोटात उंच खड्याची अंगठी घातली की आकड्यांत सरकी-कापसाचे धागे अडकतात. भाकरी थापली की खड्याखाली पीठ बसतं. कोयता धरणाऱ्या हाताला तर वर आलेला नग रुततोच. अशा हाताला साधं गोल वळं किंवा आत बसवलेला बारीक खडा बरा. मोत्याला घाम आणि साबण सोसत नाही, तो सणावारापुरता. पोरगा मशीनवर किंवा गाडीच्या कामावर असेल तर त्याच्याही बोटात अडकेल असं काही नको. कष्टाच्या हाताचं पेर रुंद असतं, म्हणून माप पेरावरून उतरेल असं घ्या, आणि सकाळी नको, संध्याकाळी घ्या. तेव्हा बोट थोडं फुगलेलं असतं. साधं वळं पुढं सैल-घट्ट करता येतं, सगळीकडून खडे लावलेलं सहसा येत नाही. आणि गहाण टाकायची वेळ आली तर खड्याचं वजन कुणी धरत नाही, फक्त सोन्याचं धरतात. म्हणून मुकादमाची उचल घेऊन हिऱ्याची अंगठी करणं मला पटत नाही. पोरीला मात्र विचारा. आईनं आणि मावशीनं ठरवलेली नव्हे, तिची पसंती.

अंगठी तिला मिळाली की तिची. लग्नाआधी, लग्नात आणि नंतर मिळालेलं ते स्त्रीधन, आणि नवऱ्याकडं ठेवायला दिलं म्हणून ते त्याचं होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं १९८५ मध्ये स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या नियमांनी नवरीला आणि नवऱ्याला लग्नात मिळालेल्या भेटींची लेखी यादी करायला सांगितली. आपल्याकडं आहेराची वही असते. तिच्यातच एक पान पोरीच्या नावानं करा आणि दोन्हीकडच्यांच्या सह्या घ्या.

दुकानात गेल्यावर हॉलमार्क बघा. बावीस कॅरेटवर ९१६, अठरावर ७५० हा आकडा असतो. १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षरी-आकडी एचयूआयडी क्रमांक नसलेला हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही; तो क्रमांक मोबाइलवर बीआयएस केअर ॲपमध्ये टाकून तपासता येतो. पण एक पळवाट आहे, आणि ती नेमकी आपल्याच अंगठीला लागते. दोन ग्रॅमच्या आतल्या दागिन्याला हॉलमार्कची सक्ती नाही. साखरपुड्याची हलकी अंगठी पुष्कळदा दीड ग्रॅमचीच असते. तिथं बिलावर वजन, कॅरेट आणि घडणावळ वेगवेगळी लिहून मागा, आणि बिल पोरीच्या नावानं करा.