सामाजिक कीटकांमधील आहार, आयुर्मान आणि प्रजनन

मधमाश्या, मुंग्या, वाळवी आणि काही गांधीलमाश्या हे वसाहत करून राहणारे सामाजिक कीटक आहेत. त्यांच्या वसाहतीत प्रजननाचे काम प्रामुख्याने राणी करते, तर अन्न गोळा करणे, पिल्लांचे पोषण व घरट्याचे रक्षण ही कामे कामकरी कीटक करतात. बहुतेक प्राण्यांमध्ये अधिक प्रजनन करणाऱ्यांचे आयुष्य तुलनेने कमी असते. सामाजिक कीटकांत मात्र सर्वाधिक अंडी घालणारी राणीच सर्वाधिक जगते. या विसंगतीमागील एक महत्त्वाचे कारण आहार हे आहे.

मधमाशीतील जातिनिश्चिती

मधमाशीची राणी व कामकरी माशी या दोन्ही फलित अंड्यांतूनच जन्मतात. अफलित अंड्यांतून नर होतात. पहिले सुमारे तीन दिवस सर्व अळ्यांना दाई माश्यांच्या डोक्यातील ग्रंथींतून स्रवणारे अन्न मिळते. त्यानंतर कामकरी अळ्यांच्या अन्नात मध व पराग मिसळले जातात. राणीघरातील अळीला मात्र शेवटपर्यंत भरपूर राजान्न (रॉयल जेली) मिळते. राजान्नात सुमारे दोन तृतीयांश पाणी असून उरलेल्या भागात प्रथिने, शर्करा व मेद असतात.

ॲपिस मेलिफेरा या जातीत अंड्यापासून राणी सुमारे १६ दिवसांत, तर कामकरी माशी २१ दिवसांत तयार होते. राणी दोन ते पाच वर्षे जगते व हंगामात दिवसाला दीड ते दोन हजार अंडी घालू शकते. उन्हाळी कामकरी माशीचे आयुष्य सुमारे सहा आठवड्यांचे असते.

ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २००८ मध्ये अळ्यांमधील डीएनएवर मिथिल गट जोडणाऱ्या एका विकराची निर्मिती रोखली. तेव्हा त्यांपैकी बऱ्याच अळ्यांपासून राणीसारख्या माश्या तयार झाल्या. जनुके तीच राहून त्यांचे कार्य आहारानुसार बदलते, या मताला त्यामुळे बळ मिळाले.

प्रौढावस्थेतील आहार

व्हायटेलोजेनिन हे प्रथिन अंड्यातील बलक तयार करण्यास लागते आणि ते माशीचे पेशीहानीपासून रक्षणही करते. राणीत त्याचे प्रमाण अधिक असते. थंड प्रदेशातील हिवाळी कामकरी माश्यांच्या शरीरात त्याचा साठा होतो व त्या अनेक महिने जगतात.

अधिक प्रथिने सर्वांनाच हितकारक ठरत नाहीत. कामकरी मुंग्या व मधमाश्यांवरील प्रयोगांत शर्करेच्या तुलनेत फार प्रथिने असलेल्या आहारामुळे आयुष्य घटल्याचे आढळले आहे. प्रथिनांची मुख्य गरज वाढत्या अळ्यांना व अंडी घालणाऱ्या राणीला असते.

अन्य कीटक

* गांधीलमाशी : भारतात आढळणाऱ्या रोपॅलिडिया मार्जिनाटा या जातीत राणी व कामकरी माद्या दिसायला सारख्याच असतात. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील राघवेंद्र गदगकर व सहकाऱ्यांनी नवजात माद्या एकेकट्या ठेवल्या असता त्यांपैकी सुमारे निम्म्यांनीच अंडी घातली. अधिक खाणाऱ्या माद्यांत अंडी घालण्याची शक्यता जास्त होती.
* मुंगी : हार्पेग्नॅथोस सॉल्टेटर या भारतीय उडी मारणाऱ्या मुंगीत राणी मेल्यावर काही कामकरी मुंग्या अंडी घालू लागतात. त्यांचे आयुष्य काही महिन्यांवरून काही वर्षांपर्यंत वाढते. अन्नाच्या वापराशी निगडित असलेल्या इन्सुलिन संदेशमार्गातील बदल यामागे असल्याचे २०२२ मध्ये दाखवण्यात आले.
* वाळवी : वारुळातील राणीला व राजाला कामकरी वाळवी भरवते. ओडोंटोटर्मिस प्रजातीतील वाळवी वारुळात बुरशीची लागवड करते. पावसाळ्यात वारुळांवर उगवणारी अळंबी याच बुरशीची असते.

महाराष्ट्रातील संदर्भ

महाराष्ट्रात सातेरी, आग्या व फुलोरी या देशी मधमाश्या आढळतात. पुण्यात १९६२ मध्ये केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था स्थापन झाली. सह्याद्रीत मुसळधार पावसाच्या काळात फुलोरा व चराईचे दिवस कमी होतात. पराग मिळेनासा झाला की दाई माश्यांच्या ग्रंथींचा स्राव घटतो, राणी अंडी कमी घालते आणि कामकरी माश्या काही अंडी व अळ्या खाऊन टाकतात. अशा वेळी मधपाळ पेट्यांना साखरेचा पाक देतात. पाकातून ऊर्जा मिळते, परंतु प्रथिनांची उणीव भरून निघत नाही. त्यासाठी पराग किंवा परागपूरक खाद्य आवश्यक असते. आग्या माशी पाळता येत नाही. फुलोऱ्यानुसार ती स्थलांतर करते. त्यामुळे सातपुड्याच्या परिसरातील नंदुरबारसारख्या जिल्ह्यांत जंगल, बांधावरची झाडे व पिके यांतून वर्षभर फुले मिळणे मधमाश्यांच्या वसाहती टिकण्यासाठी महत्त्वाचे आहे.