स्नोड्रॉप किंगची बाग

इंग्लंडात फेब्रुवारीत, थंडी अजून हटलेली नसते तेव्हा, घरामागच्या बागेत वीतभरही नसलेलं पांढरं फूल मान खाली घालून उगवतं. स्नोड्रॉप. आज मी सांगणार आहे ती त्याच्यापायी वेड्या झालेल्या जेम्स अ‍ॅलनची गोष्ट.

१९व्या शतकाच्या उत्तरार्धात सॉमरसेटमधल्या शेप्टन मॅलेट गावी हा माणूस आपल्या बागेत स्नोड्रॉपचे संकर करायचा. बी पेरलं की फूल दिसायला तीन-चार वर्षं थांबा! (माझं बिल्ड दहा मिनिटं अडकलं तरी माझा जीव जातो.) ‘स्नोड्रॉप किंग’ म्हणून तो आजही ओळखला जातो. पण मग बुरशी आली, कंद पोखरणाऱ्या माशीच्या अळ्या आल्या, आणि बहुतेक संग्रह संपला. १९०६मध्ये तो वारला.

तरी त्याचं ‘मॅग्नेट’ जगलं, कारण हे कंद हातोहात फिरतात. फुलं ओसरली की पानं हिरवी असतानाच झुबका उकरायचा, कंद सुटे करायचे, अर्धे आपल्याला, अर्धे शेजाऱ्याला. वाळलेल्या कंदांपेक्षा हे चांगले रुजतात. ऑफसाइट बॅकअपच की!

‘मॅग्नेट’चं फूल लांब, बारीक देठाला लटकतं. जराशा वाऱ्यानेही झुलतं.