मस्तिष्काघात : तीव्रतामापन व सांकेतिक नोंद

मेंदूला होणारा रक्तपुरवठा रक्तवाहिनी बंद पडल्याने किंवा फुटल्याने एकाएकी खंडित झाला म्हणजे जी विकृती उद्‌भवते तिला मस्तिष्काघात म्हणतात. अर्धांगवायू (पक्षाघात) हे तिचे सर्वपरिचित लक्षण होय. या विकाराची तीव्रता अंकांत मोजणे आणि ते अंक रुग्णाच्या अभिलेखात ठराविक संकेतांनी नोंदणे या दोन पद्धतींचा उगम व विकास वेगवेगळ्या मार्गांनी झाला. त्यांचा मेळ एकविसाव्या शतकात बसला.

रोगनामाच्या नोंदीचा इतिहास अधिक जुना आहे. लंडनमधील मृत्युपत्रकांवर आधारलेला जॉन ग्राँट यांचा ग्रंथ १६६२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील एका सदरात मस्तिष्काघात व आकस्मिक मृत्यू यांची गणना एकत्रच केलेली आढळते. त्यापूर्वीच १६५८ मध्ये योहान याकोप वेप्फर या स्विस वैद्यांनी शवविच्छेदनाच्या आधारे या विकारात मेंदूत रक्तस्राव होतो, हे दाखविले होते. परंतु नोंद ठेवणाऱ्यांच्या लेखी तो एक अचानक ओढवणारा मृत्यूच राहिला. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये विल्यम फार यांनी मृत्यूच्या कारणांच्या एकरूप वर्गीकरणाचा आग्रह धरला. पुढे झाक बेर्तीयाँ यांनी तयार केलेली यादी १८९३ मध्ये शिकागो येथे आंतरराष्ट्रीय सांख्यिकी संस्थेपुढे मांडण्यात आली. हीच आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरणाची जननी होय. १९४८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या वर्गीकरणाच्या सहाव्या आवृत्तीची जबाबदारी घेतली आणि मृत्यूबरोबरच रुग्णतेचाही (आजारीपणाचाही) त्यात अंतर्भाव झाला.

या वर्गीकरणात मस्तिष्काघाताचे स्थान स्थिर राहिले नाही. सहाव्या व सातव्या आवृत्तींत तो तंत्रिका तंत्राच्या (मज्जासंस्थेच्या) विकारांत होता. आठव्या आवृत्तीत त्याला रक्ताभिसरण तंत्राच्या विकारांत हलविण्यात आले व दहाव्या आवृत्तीपर्यंत तो तेथेच राहिला. २०१९ मध्ये संमत होऊन १ जानेवारी २०२२ पासून अंमलात आलेल्या अकराव्या आवृत्तीत तंत्रिकाविज्ञांच्या आग्रहामुळे तो पुन्हा तंत्रिका तंत्राच्या प्रकरणात आला. हा बदल केवळ पानांचा नव्हता. देशोदेशींच्या आकडेवारीत हा रोग कोणत्या सदराखाली मोजला जातो, यावर त्याच्याकडे दिले जाणारे लक्ष बऱ्याच अंशी अवलंबून असते.

तीव्रतामापनाची गरज उपचारांच्या तुलनेतून निर्माण झाली. ग्लासगो येथील जॉन रँकिन यांनी १९५७ मध्ये रुग्णाच्या परावलंबनाच्या पायऱ्या ठरविल्या. १९६५ मध्ये दैनंदिन क्रिया मोजणारा बार्थेल निर्देशांक व १९७४ मध्ये टीझडेल आणि जेनेट यांची ३ ते १५ अंकांची ग्लासगो बेशुद्धिश्रेणी पुढे आली. यांपैकी पहिली दोन मापने रोगाचा परिणाम सांगतात, तर तिसरे केवळ शुद्धीची पातळी दर्शविते. आघातानंतरच्या पहिल्या काही तासांतील तंत्रिकीय हानी मोजण्यासाठी थॉमस ब्रॉट व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांच्या नावाने ओळखली जाणारी श्रेणी प्रसिद्ध केली. प्रचलित स्वरूपात तिच्यात ११ बाबी असून एकूण अंक ० ते ४२ असतात. रुग्णाला चालू महिना व स्वतःचे वय विचारतात, डोळे मिटण्यास व मूठ वळण्यास सांगतात, हात १० सेकंद व पाय ५ सेकंद उचलून धरता येतो का ते पाहतात. तसेच दृष्टिक्षेत्र, चेहरा, संवेदना, भाषा व उच्चार तपासतात. अंक जितके अधिक तितकी हानी अधिक.

रक्ताची गुठळी विरघळविणाऱ्या औषधाच्या ६२४ रुग्णांवरील चाचणीत ही श्रेणी वापरली गेली. लक्षणे सुरू झाल्यापासून तीन तासांत औषध दिल्यास तीन महिन्यांनंतर अपंगत्व न उरण्याची शक्यता वाढते, हा तिचा निष्कर्ष १९९५ मध्ये प्रसिद्ध झाल्यावर या श्रेणीला सर्वत्र मान्यता मिळाली. पुढे वैद्याबरोबर परिचारिकाही प्रशिक्षण घेऊन ती वापरू लागल्या.

तरीही हे अंक दीर्घकाळ रुग्णाच्या कागदपत्रांतच राहिले. देयके व आकडेवारी यांसाठी वापरल्या जाणाऱ्या संकेतांत रोगाचे नाव असे. त्याची तीव्रता नसे. परिणामी हात किंचित दुबळा झालेला रुग्ण आणि बेशुद्धावस्थेत आणलेला रुग्ण एकाच संकेताखाली येत. रुग्णालयांची तुलना मृत्युप्रमाणावरून होऊ लागली तेव्हा यातील अन्याय उघड झाला; कारण अत्यवस्थ रुग्ण स्वीकारणारे रुग्णालय कागदोपत्री निकृष्ट ठरण्याचा संभव होता. तीव्रतेचे अंक हिशेबात घेतल्यास रुग्णालयांचा क्रम बदलतो, असे २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात दिसून आले. १ ऑक्टोबर २०१६ पासून अमेरिकेतील दहाव्या आवृत्तीच्या रूपांतरात आर २९.७०० ते आर २९.७४२ असे ४३ संकेत समाविष्ट करण्यात आले. शेवटचे दोन अंक हेच रुग्णाचे गुण होत. हा संकेत स्वतंत्रपणे वापरीत नाहीत. आधी मस्तिष्क अभिकोथाचा (रक्तपुरवठ्याअभावी मेंदूचा भाग मृत होण्याचा) आय ६३ या गटातील संकेत द्यावा लागतो. निदान उपचार करणाऱ्या वैद्यानेच नोंदविले पाहिजे. गुण मात्र परिचारिकेच्या नोंदीवरूनही घेता येतात. किमान पहिल्या तपासणीचे गुण नोंदविणे अपेक्षित असते.

या श्रेणीला मर्यादा आहेत. भाषेशी निगडित बाबींना तिच्यात अधिक वजन असल्याने उजव्या मस्तिष्कगोलार्धातील तेवढ्याच विस्ताराच्या हानीस डाव्यापेक्षा कमी गुण मिळतात. मेंदूच्या मागील भागातील आघातात तोल जाणे, चक्कर व गिळण्यातील अडचण ही लक्षणे प्रमुख असली, तरी त्यांचे प्रतिबिंब गुणांत पुरेसे पडत नाही. त्यामुळे शून्य गुण म्हणजे आघात नाही, असा अर्थ करता येत नाही. लिहिलेला अंक रुग्णाच्या तपासणीइतकाच विश्वसनीय असतो. तपासणी राहून गेली, तर अंक मागाहून अचूकपणे भरून काढता येत नाही.