गलबतांचे पंचांग



तारखांचा आणि आपला संबंध शाळेतच बिघडतो. सनावळ्या घोकता घोकता इतिहासाची गोडी पार गेली, अशी तक्रार करणारे पुष्कळ लोक या सभेतही असतील. आज मी मात्र तारखेची वकिली करण्यास उभा आहे. अर्थात थोडी उलटतपासणीही करीन.

लंडनमध्ये ग्रीनिच येथे नॅशनल मेरिटाइम म्युझियम नावाचे दर्यावर्दी इतिहासाचे मोठे संग्रहालय आहे. २७ एप्रिल १९३७ रोजी सहाव्या जॉर्ज बादशहाने त्याचे उद्घाटन केले. तेथील तैलचित्रे, छापील चित्रे, गलबतांचे आराखडे यांपैकी पुष्कळांच्या डिजिटल प्रती आता घरबसल्या पडद्यावर पाहता येतात. पण एवढ्या भांडारात शिरायचे कोणत्या दाराने? गलबतांची नावे आपल्याला ठाऊक नसतात आणि चित्रकारांची तर मुळीच नसतात. अशा वेळी एक सोपी युक्ती आहे. आजची तारीख धरावी, सन मोकळा सोडावा, आणि या दिवशी कोणत्या गलबताचे काय झाले ते चित्रांत धुंडाळावे. असे वर्षभर केले की गलबतांचे एक पंचांगच तयार होते.

ही युक्ती चालते याला कारण समुद्रच आहे. जमिनीवरच्या लढाईला गाव असते. पानिपत म्हटले की पुरे, सांगावे लागत नाही. भर समुद्रात गाव नाही, ओढा नाही, टेकडी नाही. मग लढाईला नाव द्यायचे कशाचे? १७९४ साली फ्रान्सच्या किनाऱ्यापासून शेकडो मैल पश्चिमेला इंग्रजांचे व फ्रेंचांचे आरमार झुंजले. इंग्रजांनी त्या लढाईला ‘जूनची वैभवशाली पहिली तारीख’ असेच नाव देऊन टाकले. तारीख हेच गाव झाले! फ्रेंचांचे पंचांग त्या वेळी क्रांतीने बदललेले होते. त्यांच्या इतिहासात तीच लढाई ‘प्रेरियल महिन्याची १३ तारीख, वर्ष दुसरे’ म्हणून ओळखली जाते. बरे, जिंकले कोण? इंग्रजांनी सहा गलबते पकडली, एक बुडाले; पण ज्या धान्याच्या तांड्यासाठी फ्रेंच आरमार बाहेर पडले होते तो तांडा सुखरूप ब्रेस्टला पोचला. तेव्हा दोघांनीही जय आपलाच मानला. लूथरबर्ग या चित्रकाराचे या लढाईचे भव्य चित्र ग्रीनिचला आहे. ते १७९५ सालचे. त्यात इंग्रज सेनापतीचे गलबत जेथे दाखवले आहे तेथे ते प्रत्यक्षात पोचलेच नव्हते, असा आक्षेप त्या काळीच घेतला गेला. म्हणजे चित्रावरची तारीख बिनचूक, आणि चित्र मात्र आपल्या मनासारखे!

दुसरे उदाहरण याहून बोलके आहे. २८ एप्रिल १७८९. पॅसिफिक महासागरात ‘बाउंटी’ गलबतावर बंड झाले आणि बंडखोरांनी ब्लाय या प्रमुखाला अठरा माणसांसह एका उघड्या होडीत सोडून दिले. होडी तेवीस फूट लांबीची. ब्लायने ती साडेतीन हजारांहून अधिक सागरी मैल हाकारून तिमोर बेटाला लावली, हा पराक्रम मान्यच केला पाहिजे. या प्रसंगाचे रॉबर्ट डॉड याने केलेले छापील चित्र प्रसिद्ध आहे. त्याच्या प्रसिद्धीची तारीख आहे २ ऑक्टोबर १७९०. ब्लाय इंग्लंडला परतला तो त्याच वर्षीच्या मार्चमध्ये. पकडलेल्या बंडखोरांची चौकशी झाली ती १७९२ साली. चित्र विक्रीला आले त्या दिवशी दुसऱ्या बाजूचा एकही माणूस आपली हकीकत सांगायला इंग्लंडात नव्हता. आपण मात्र ते २८ एप्रिलचे चित्र म्हणून पाहतो. वकील मंडळींनी याचा विचार करावा.

आता खुद्द दिवसाकडे वळू. शिवजयंतीच्या तिथी-तारखेचा वाद ऐकून ज्यांचे कान पिकले आहेत त्यांना हा भाग अवघड जाऊ नये. जुन्या इंग्रजी गलबतांवर दिवस मध्यरात्री बदलत नसे, भर दुपारी बदले. दुपारी बाराला सूर्याचा वेध घेतला की रोजनिशीत पुढची तारीख सुरू होई. म्हणजे किनाऱ्यावर २० तारखेची संध्याकाळ असली तर गलबतावर २१ लागलेली असे. इंग्रजी नौदलात हा प्रकार १८०५ साली हुकमाने बंद झाला. त्यात आणखी एक गंमत आहे. पश्चिमेकडे जात जात पृथ्वीला वळसा घालणाऱ्याचा एक दिवस हरवतो. कॅप्टन कुक याला १९ एप्रिल १७७० रोजी सकाळी ऑस्ट्रेलियाचा पूर्व किनारा दिसला असे त्याची रोजनिशी सांगते. तेथील आजच्या गणनेने ती २० एप्रिल होती. पुढे बॉटनी उपसागरात तो उतरला तो दुपारनंतर. रोजनिशी २९ एप्रिल म्हणते, आणि आजची गणनाही २९ एप्रिलच म्हणते! दुपारच्या हिशेबाने एक दिवस पुढे, प्रदक्षिणेच्या हिशेबाने एक दिवस मागे. दोन्ही फरकांनी एकमेकांना खाऊन टाकले. त्या उतरण्याचे फिलिप्स फॉक्सचे गाजलेले चित्र तर १९०२ सालचे आहे, ऑस्ट्रेलियाचे संघराज्य नुकतेच झाले होते त्या वेळचे.

शेवटी आपल्या मुंबईकडे येतो, कारण तारखेच्या वाटेने जाणाऱ्याला मुंबई हमखास चुकते. १८१३ च्या मे महिन्यात मुंबईच्या गोदीतून ‘कॉर्नवॉलिस’ हे ७४ तोफांचे सागवानी लढाऊ गलबत पाण्यात उतरले. बांधणारे जमशेटजी बोमनजी वाडिया. सुरतेहून १७३६ साली आलेल्या लवजींचे नातू. आता पंचांगात ‘कॉर्नवॉलिस’ शोधा. ते सापडते २९ ऑगस्टला. १८४२ साली त्या दिवशी नानकिंगचा तह या गलबतावर झाला, हाँगकाँग इंग्रजांना मिळाले, आणि जॉन प्लॅट या अधिकाऱ्याने काढलेले त्या प्रसंगाचे चित्र १८४६ मध्ये छापून निघाले. दिवाणखान्यात गर्दी करून उभे असलेले इंग्रज व चिनी अधिकारी त्यात दिसतात. ज्या अफूवरून ते युद्ध पेटले तिच्यातला मोठा वाटा माळव्याचा, मुंबई बंदरातून चीनला गेलेला. गलबत मुंबईचे, अफूही मुंबईतून गेलेली. चित्राच्या मथळ्यात मुंबई नाही.

जमशेटजींचेच दुसरे गलबत ‘ट्रिंकोमली’. त्याचे आराखडे घेऊन निघालेले ‘जावा’ गलबत १८१२ साली अमेरिकनांशी लढताना नष्ट झाले, म्हणून दुसरी प्रत मागवावी लागली. १८१६ च्या मे महिन्यात काम सुरू झाले तेव्हा पारशी रिवाजाप्रमाणे जमशेटजींनी त्याच्या तळाच्या कण्यात रुप्याचा खिळा ठोकला. १२ ऑक्टोबर १८१७ रोजी ते पाण्यात उतरले. मोठी लढाई त्याच्या वाट्याला आली नाही, त्यामुळे विजयाची तारीखही त्याला नाही. पण ते आजही इंग्लंडात हार्टलपूल येथे पाण्यावर उभे आहे. तारखेने नावाजलेले ‘कॉर्नवॉलिस’ पुढे शीरनेस येथे नुसता धक्का म्हणून उरले, आणि १९५७ साली मोडीत निघाले. त्या वेळी मुंबईच्या त्या सागवानाला पाण्यात उतरून १४४ वर्षे झाली होती.