बुरुडाचा बांबू आणि गावाची वेस

छोटा उद्योजक परदेशी बाजारात उतरायला का धजत नाही, या प्रश्नावर व्यवस्थापनशास्त्रात पुष्कळ लिहिले गेले आहे. आइझेन या मानसशास्त्रज्ञाने १९८५ आणि १९९१ मध्ये मांडलेल्या सिद्धांतानुसार माणसाचा इरादा तीन गोष्टींवर ठरतो : त्या कृतीविषयी त्याला स्वतःला काय वाटते, त्याची माणसे तिला काय म्हणतील, आणि ती आपल्या हातून होईल असा भरवसा त्याला आहे की नाही. स्वीडनच्या उप्साला येथील योहानसन आणि वाल्ने यांनी १९७७ साली आणखी एक गोष्ट दाखवली. धंदा परदेशात एकदम उडी घेत नाही. ओळखीच्या मुलखातून तो पायरीपायरीने पुढे सरकतो. परकी भाषा, परकी रीत, परका कायदा यांमुळे जो दुरावा वाटतो त्याला हे अभ्यासक 'मानसिक अंतर' म्हणतात.

हे सारे खरे आहे. पण भरवसा माणसात कोठून येतो आणि कोणाचा भरवसा कोणी काढून घेतला, हा मानसशास्त्राचा नव्हे, इतिहासाचा प्रश्न आहे. तो मी चंद्रपूर-गडचिरोलीच्या बुरुडापुरता विचारणार आहे.

मी बुरुडाच्या घरातला. घरातली पहिली पदवी माझी. वडील आठवडी बाजारात सुपे, टोपल्या, डाले घेऊन बसत. बाजार तीन कोसांवर. एकदा चंद्रपूरच्या एका दुकानदाराने शंभर टोपल्या एकदम मागितल्या. वडील नको म्हणाले. "एवढा बांबू कुठून आणू? आणि त्याने पैसे बुडवले तर कोणाच्या दारात उभा राहू?" मला तेव्हा तो भित्रेपणा वाटला होता. आज वाटते, त्यांनी हिशेब अगदी अचूक केला होता.

तो हिशेब पाहू. १८७८ आणि १९२७ च्या वनकायद्यांनी जंगल सरकारी झाले. बांबू वनस्पतिशास्त्राने गवत. १९२७ च्या कायद्याने तो झाडात बसवला. त्यामुळे तो तोडणे आणि वाहून नेणे, दोन्ही परवान्याच्या कक्षेत आले. बुरुडाला बांबू मिळू लागला तो नोंदणी कार्डावर, ठरलेल्या संख्येत. याच मुलखात १९४५ साली बल्लारपूरच्या कागद कारखान्याची स्थापना झाली आणि त्याला दीर्घ मुदतीच्या करारांनी सवलतीचा बांबू मिळाला. एकाला करार, दुसऱ्याला कार्ड! कराराच्या बळावर पुढच्या वीस वर्षांचा विचार करता येतो. कार्डावर पुढच्या आठवड्याचाच. ज्याचा कच्चा माल दुसऱ्याच्या मर्जीवर आहे, त्याने मोठी मागणी नाकारली तर तो मनाचा दुबळेपणा कसा?

दुसरी गोष्ट जातीची. बुरुडाच्या सुपाशिवाय गावाचे धान्य पाखडले जात नव्हते, लग्न लागत नव्हते. पण सूप घरात आणि बुरूड अंगणाबाहेर, ही रीत होती. मोबदला पसाभर धान्य. घासाघीस केली तर उर्मट ठरायचे. ज्याला गावातल्या गावात आपल्या मालाची किंमत सांगता आली नाही, त्याने ती दुबईच्या व्यापाऱ्याला सांगावी, अशी अपेक्षा आपण करतो! नागपूरच्या पेढीवाल्याला दुबई जितकी दूर नाही, तितकी बुरुडाला गावची वेस दूर होती. उप्सालाच्या अभ्यासकांनी देशादेशांतले मानसिक अंतर मोजले. इथे ते एका गावाच्या दोन वस्त्यांमध्ये आहे.

याचा परिणाम देशालाही भोगावा लागला. बांबूची एवढी राने असताना अगरबत्तीच्या काड्या व्हिएतनाम आणि चीनमधून येत राहिल्या. जून २०२० मध्ये त्यांवरचे आयातशुल्क १० वरून २५ टक्के करावे लागले. कामट्या काढणारे हात इथे होतेच. नव्हते ते यंत्र, भांडवल आणि बांबूची खात्री.

उलट उदाहरणही आपल्याच मुलखात आहे. धानोरा तालुक्यातील लेखा-मेंढा या गोंड गावाला २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. २७ एप्रिल २०११ रोजी बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. त्यानंतर ज्यांना अडाणी म्हटले जाई तीच माणसे व्यापाऱ्यांशी दर ठरवू लागली. त्यांना उद्योजकतेचे व्याख्यान कोणी दिले नव्हते. हक्क आधी आला, धाडस त्यामागून आले.

मात्र त्याच कायद्यात आदिवासी नसलेल्या वननिवासीला तीन पिढ्यांच्या, म्हणजे ७५ वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा द्यावा लागतो. भूमिहीन बुरुडाने तो कोणत्या सातबाऱ्यातून काढावा? २०१७ मध्ये बांबू झाडांच्या व्याख्येतून वगळला गेला, पण ती मोकळीक वनक्षेत्राबाहेरच्या बांबूला. ज्याला शेतच नाही त्याला तिचा काय उपयोग?

आणि माल सीमा ओलांडतो म्हणून कारागीर ओलांडतो असेही नाही. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन सोहळ्यात प्राडा कंपनीने कोल्हापुरी वळणाच्या चपला दाखवल्या, तेव्हा त्या बनवणाऱ्या चर्मकारांचा उल्लेख नव्हता. ओरड झाल्यावर कंपनीने मूळ मान्य केले. २०१९ चे भौगोलिक मानांकन आणि दोन राज्यांची चर्मोद्योग महामंडळे पाठीशी होती, म्हणून त्या ओरडीला वजन आले. एकट्या कारागिराचे कोणी ऐकले असते?

आता थोडे आपल्याविषयी. शिकलेल्या आपण नोकरीला मुक्ती मानले आणि बापाच्या कोयत्याची लाज बाळगली. त्या लाजेमागे कारण होते. जातीने लादलेला धंदा टाकणे हे बंडच होते. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी याच चांद्यात बाबासाहेबांच्या साक्षीने हजारोंनी जुनी वेस ओलांडली. पण बाबासाहेबांचा विरोध सक्तीला होता, व्यापाराला नव्हे. कोलंबिया विद्यापीठात त्यांनी प्राचीन भारतीय व्यापारावर लिहिले, आणि १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावरचा ग्रंथ प्रसिद्ध केला. परदेशी विनिमयाचे गणित सावकाराच्या वंशजांनाच कळते, हा समज त्यांनी तेव्हाच मोडला.

म्हणून बुरुडाच्या पोराने बांबूच विणावा असे मी म्हणणार नाही. विणायचा की नाही हे त्याने ठरवावे. पण विणायचा ठरवला तर त्याच्या हाती कार्डाऐवजी हक्क असावा. चिचपल्लीला २०१४ मध्ये बांबू प्रशिक्षण केंद्र उभे राहिले, ही चांगलीच गोष्ट. पण कौशल्य आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या होते. कमी होती ती बांबूच्या पुरवठ्याची हमी, बुडालेले पैसे वसूल करून देणारी आपली सहकारी संस्था आणि बरोबरीने बोलण्याची जागा. कार्यकर्त्यांनी आधी या तीन गोष्टींसाठी भांडावे. त्या मिळाल्यावरही कोणी शंभर टोपल्यांची मागणी नाकारली, तरच त्याच्या मनाची तपासणी करू.